एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांची काळजी घेताना नर्स आधी काय पाहते?

आईकडून एचआयव्हीची लागण झालेल्या बाळांना उपचार मिळाले नाहीत, तर त्यांतली जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसापर्यंतही पोहोचत नाहीत. वेळेवर औषधं सुरू झाली, तर हीच मुलं शाळेत जातात, मोठी होतात. भारतात ही औषधं सरकारी एआरटी केंद्रांत मोफत मिळतात.

म्हणून पहिलं काम तपासणीचं. लहान बाळाच्या रक्तात आईच्या अँटीबॉडी असतात, त्यामुळे नेहमीची चाचणी फसवी ठरते. त्याऐवजी सहाव्या आठवड्याला बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थेट विषाणू शोधतात. अंतिम निष्कर्ष १८ महिन्यांनंतरच निघतो.

उपचार सुरू झाले की प्रत्येक भेटीत वजन. डोस वजनावर ठरतो. मूल वाढलं आणि डोस तोच राहिला, तर औषध कमी पडतं. वजन वाढत नसेल तर आहार आणि टीबी, दोन्हींकडे बघावं लागतं. खोकला, ताप, घरात कुणाला टीबी आहे का, हे दरवेळी विचारतात. लसीकरण चुकवायचं नाही. फक्त प्रतिकारशक्ती फार खालावली असेल, तर बीसीजी, गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसींचा निर्णय डॉक्टर घेतात.

चांदवडहून नाशिकचं जिल्हा रुग्णालय महामार्गाने साधारण ६५ किलोमीटर. एका फेरीत पालकांची मजुरी बुडते, मुलाची शाळाही. त्यामुळे ही सगळी कामं एकाच भेटीत उरकणं महत्त्वाचं.

पण खरी अडचण घरात असते. गोळी रोज ठरलेल्या वेळी हवी. वारंवार चुकली तर विषाणू औषधाला दाद देत नाही. पाहुणे आले म्हणून गोळी लपवली आणि राहूनच गेली, असं सहज होऊ शकतं. अशा वेळी रागावण्यापेक्षा गोळीची वेळ कशी बदलता येईल, हे विचारणारी सिस्टर जास्त उपयोगाची.

मुलाला कधी सांगायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शाळकरी वयात, समज येईल तसं, टप्प्याटप्प्याने. लपवून ठेवलं तर किशोरवयात 'रोज गोळी कशाला?' म्हणत मुलं औषध सोडू शकतात.

एकत्र जेवल्याने, खेळल्याने लागण होत नाही. ताट-पेला वेगळा ठेवायची गरज नाही. रक्त हाताळताना हातमोजे हवेत, पण ते प्रत्येकच रुग्णासाठी.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार शाळा या कारणावरून प्रवेश नाकारू शकत नाही आणि संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करता येत नाही. आईवडील नसतील, तर १२ ते १८ वयाचं समजदार भावंडही धाकट्याचं पालक म्हणून उपचारांसाठी पुढे येऊ शकतं. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.