बुलडॉग : निवड आणि संगोपन

चेहऱ्याने उग्र भासणारा बुलडॉग स्वभावाने शांत व मुलांत रमणारा असतो. इंग्लंडमध्ये १८३५ साली बैलांशी कुत्री झुंजविण्यावर बंदी आली आणि पुढे ही जात घरगुती झाली. प्रौढ नराचे वजन सुमारे २५ किलो भरते. आखूड, बसक्या नाकामुळे त्याला धापा टाकूनही अंग पुरेसे थंड करता येत नाही. म्हणून कोपरखैरण्यासारख्या खाडीकाठच्या दमट वस्तीत त्याला पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच फिरवावे. पिल्लू घेताना नाकपुड्या मोकळ्या असाव्यात, श्वासात घरघर नसावी. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्यात. वजन वाढू देऊ नये. रेबीजची लस टोचून महापालिकेचा परवाना घ्यावा. धाप थांबेना वा जीभ निळसर दिसू लागली, तर अंगावर पाणी ओतून तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे.