मिठागराकाठचा ज्ञानदीप

लंडनला बी. बी. सी.ची नियमित चित्रवाणी 2 नोव्हेंबर 1936 रोजी सुरू झाली. मुंबईकरांना त्यासाठी 2 ऑक्टोबर 1972 उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली. दिल्लीकर मात्र 1959 पासूनच हे कौतुक पाहत होते! वरळीहून निघालेले चित्र भाईंदर पश्चिमेच्या आमच्या चाळीपर्यंत पोचे खरे. पण खाडीवरचा वारा सुटला, कौलांवरची अँटेना जरा फिरली, की त्याला हुडहुडी भरे.

संच एकच, चाळमालकांच्या घरी. आम्ही पोरे खिडकीला लोंबकळलेली, बायका दारात, मिठागरावरून परतलेले मजूर अंगणात. ‘आमची माती, आमची माणसं’ लागले, की अंगणातली कुजबुज थांबे. मिठागरात बियाण्यांचे काय काम, असे वाचक विचारतील. पण पाऊस पडला की मीठ बंद, आणि हीच माणसे गावी जाऊन भात लावणार!

आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने तर कमालच केली. ते पाहून उठलेल्या साध्यासुध्या माणसांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे काढली. त्याच कार्यक्रमाच्या नादाने माझ्या आईने चाळिशीत पाटी हाती धरली. अंगठा उठवणारी बाई रेशनच्या दुकानात ठसक्यात सही करू लागली.

1995 साली डिस्कव्हरी वाहिनी भारतात आली. पुढे आमच्याही घरात देवमासे पोहू लागले. आई डोळे विस्फारून पाहत बसली आणि अखेर म्हणाली,

“छान आहे रे. पण यांचं मंडळ कुठं भरतं?”