मधल्या फळीचें हरण

वर्धा नदीच्या कांठीं, अमरावती जिल्ह्याच्या पूर्वसीमेवर, कौंडण्यपूर नांवाचें लहानसें गांव आहे. पुराणांतलें कुंडिनपूर तें हेंच, विदर्भराज भीष्मकाची राजधानी ती हीच, अशी वऱ्हाडची परंपरागत श्रद्धा आहे. रुक्मिणीचें हें माहेर. श्रीकृष्णानें तिला रथांत घेऊन नेलें तें येथूनच. नेमकें कोणत्या देवळापासून नेलें, याविषयीं मात्र एकवाक्यता नाहीं. कौंडण्यपूरचे लोक आपल्या अंबिकेकडे बोट दाखवितात, तर अमरावतीकर म्हणतात, छे, तें आमच्या अंबादेवीचें मंदिर. हा वाद मिटावा असें दोन्ही पक्षांना मनांतून वाटत असेलसें दिसत नाहीं.

मला आज बोलावयाचें आहे तें फुटबॉलविषयीं; आणि त्यांतहि, एक मोसम संपून दुसरा सुरू होण्यापूर्वीं, ऐन उन्हाळ्यांत, संघासंघांमध्यें खेळाडूंची जी ने-आण होते तिच्याविषयीं. फुटबॉल हा कांहीं वऱ्हाडचा जिवाभावाचा खेळ नव्हे. आमचें वेड कुस्तीचें आणि कबड्डीचें. १९१४ सालीं अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं कबड्डी दाखवून आले, याचा आम्हांस अजून अभिमान वाटतो. तरीहि फुटबॉलच्या चाहत्यांमध्यें दर उन्हाळ्यांत जो कडाक्याचा वाद माजतो तो ऐकला कीं मला कौंडण्यपूरच आठवतें. ‘आमचा माणूस पळविला’ ही त्या वादांतली पहिली तक्रार. आणि ‘परका कशाला आणला?’ ही दुसरी. या दोन्ही तक्रारी बहुधा एकाच तोंडून निघतात, ही त्यांतली गंमत.

हरण हा शब्द कोणाचा, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. भागवताच्या दशम स्कंधांत कथा स्पष्ट आहे. रुक्मिणीनें स्वतः ब्राह्मणाच्या हातीं निरोप धाडला, मार्ग सुचविला, वेळ ठरवून दिली. तिच्या दृष्टीनें तें वरण होतें. हरण झालें तें मागें राहिलेल्यांचें. तिचा भाऊ रुक्मी पाठलागावर गेला, हरला, विद्रूप होऊन परतला, आणि प्रतिज्ञा मोडली म्हणून कुंडिनपुरांत पाऊल न टाकतां भोजकटास राहिला. अमरावतीजवळची भातकुली तें हेंच भोजकट, असें कित्येक अभ्यासक मानतात. रागावलेल्या चाहत्यांचा मूळ पुरुष म्हणून मी रुक्मीकडे बोट दाखवीन. गांवानें मात्र वेगळा मार्ग धरला. आषाढी आली कीं कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी निघते आणि महिनाभराहून अधिक पायीं चालून पंढरपुरास, लेकीच्या सासरीं, पोंचते. ही चाल चारशें वर्षांहून जुनी सांगतात.

आतां अलीकडचें उदाहरण घेऊं. ४ मे २०२४ रोजीं मुंबई सिटी या संघानें कोलकात्यास जाऊन, मोहन बागानच्या घरच्या मैदानावर, त्याच संघाचा ३-१ असा पराभव करून इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला. अंधेरीच्या मैदानावर आरोळ्या ठोकणाऱ्या मुंबईकरांचा आनंद पुरता ओसरला नव्हता, तोंच बातमी आली कीं मधल्या फळीचा आधारस्तंभ, मिझोरामचा लालेंगमाविया, ज्याला सारे अपुइया म्हणून ओळखतात, तो मोहन बागानकडेच जाणार. ज्यांना हरविलें त्यांनींच आपला गडी न्यावा ! त्याच उन्हाळ्यांत मुंबईनें गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस आणला. हा मडगांवचा, सात वर्षें एफ्. सी. गोवा संघांत घालविलेला आणि शेवटीं त्या संघाचा नायक झालेला. म्हणजे मुंबई जें कोलकात्याविषयीं बोलत होती, तेंच गोवा मुंबईविषयीं बोलूं लागला.

वाद मधल्या फळीवरूनच इतका कां पेटावा ? आघाडीवर खेळणाऱ्याचें मोजमाप गोलांनीं होतें. गोलरक्षकाचें, त्यानें अडविलेल्या चेंडूंनीं. मधल्या माणसाचें काम डोळ्यांत भरत नाहीं. चेंडू कोणाकडे जाणार हें ओळखून तो आधींच तेथें जाऊन उभा राहतो, आणि मग कांहीं घडतच नाहीं. न घडलेल्या गोष्टीचें श्रेय कोण देणार? जुन्या काळीं दोन बचावाचे, तीन मधले, पांच आघाडीचे अशी रचना असे, तेव्हां मधल्या तिघांतला मध्यवर्ती गडी हा सगळ्या संघाचा कणा मानीत. रचना पुढें अनेकदां बदलल्या, पण कण्याचें काम राहिलें. अंकांनीं निकाल लागत नाहीं म्हणूनच त्याच्याविषयींचें भांडण लांबतें. आमच्या वऱ्हाडांत शंकरपटाच्या दिवसांत हेंच चालतें. तळेगांव दशासरच्या पटासाठीं कोणी नवा बैल आणला तर गांव त्याच्या खांद्याची, खुरांची, वाणाची तारीफ करतें, आणि मग एखादा म्हातारा हळूच म्हणतो, “बैल त मोठा चांगला हाये, पन जोडी जमते काय, थे पाहा लागते.” नव्या मध्यरक्षकाविषयीं याहून शहाणें मत मी तरी वाचलेलें नाहीं.

हिंदुस्थानांत या वादाचा खरा इतिहास घडला तो कोलकात्यांत. २९ जुलै १९११ रोजीं मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असें हरवून आय्. एफ्. ए. शील्ड जिंकली, त्या अकरांत बूट घालून खेळणारा एकच होता. विजय साऱ्या बंगालचा मानला गेला. परंतु नऊच वर्षांनीं, जुलै १९२० मध्यें, जोडाबागान संघानें मोहन बागानविरुद्धच्या सामन्यांतून शैलेश बोस या पूर्वबंगाली खेळाडूस वगळलें, तेव्हां संघाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी रागावून बाहेर पडले आणि १ ऑगस्टला ईस्ट बेंगॉल हा नवा संघ जन्मास आला. एका गड्याला खेळवावें कीं नाहीं, एवढ्याशा प्रश्नांतून पुढचें सारें वैर उभें राहिलें.

मग १९३४ साल उजाडलें. मोहामेडन स्पोर्टिंग त्या वर्षीं वरच्या वर्गांत चढला आणि त्याच वर्षीं त्यानें कोलकाता लीग जिंकली. हिंदी संघानें ती जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग. १९३८ पर्यंत सलग पांच वेळां त्यानें ती कोणास घेऊं दिली नाहीं. यामागें पावसाळी चिखलांत बूट वापरण्याची हुशारी होती, हें खरें. पण त्याहून मोठें कारण हें कीं, या संघानें दूरदूरच्या प्रांतांतून निवडून माणसें आणलीं. ‘बाहेरचा गडी’ ही पद्धत म्हणून रुजली ती येथपासून. नाकें मुरडणारे पुष्कळ होते. पुढें त्यांनींहि तेंच केलें.

माझ्या मतें या इतिहासांतलें सर्वांत हृद्य प्रकरण त्यानंतरचें आहे. १९४७ च्या फाळणीनें पूर्व बंगालची भूमीच परकी झाली. घरदार सोडून कोलकात्यांत आलेल्या निर्वासितांना आपल्या गांवाचें म्हणून जें उरलें, त्यांत ईस्ट बेंगॉल हें एका फुटबॉल संघाचें नांव होतें. आणि त्या संघानें १९४९ पासून तीन वर्षें ओळीनें शील्ड जिंकली ती कोणाच्या बळावर ? व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमदखान आणि सालेह या आघाडीच्या पांच जणांच्या. लोकांनीं त्यांना पंचपांडव म्हटलें. या पांचांत बंगाली एकहि नव्हता, सारे दक्षिणेकडचे. भूमीचें नांव लावणाऱ्या संघाचा मान दुसऱ्याच भूमीच्या मुलांनीं राखला, आणि भूमि गमावलेल्या त्या माणसांनीं त्यांना ‘तुम्ही कोठले ?’ म्हणून विचारलें नाहीं. घर सुटणें म्हणजे काय, हें त्यांना ठाऊक होतें; कदाचित् म्हणूनच विचारलें नसेल.

पुढच्या काळांत कोलकात्याची पळवापळवी एखाद्या रहस्यकथेसारखी झाली. नोंदणीचे दिवस जवळ आले कीं खेळाडू घरून नाहींसे होत. संघाचे कार्यकर्ते त्यांना अज्ञात ठिकाणीं दडवून ठेवीत आणि सही करावयाच्या वेळींच बाहेर काढीत. १९८५ सालीं कृशानु दे आणि विकाश पांजी ही जोडगोळी मोहन बागान सोडून ईस्ट बेंगॉलला गेली, तेव्हां अर्धें शहर हळहळलें. कृशानु हा मैदानाच्या मध्यभागीं चेंडू खेळविणारा विलक्षण नाजूक पायांचा कलावंत. वर्तमानपत्रांच्या भाषेंत असे खेळाडू ‘पळविले’ जात. त्यांची स्वतःची इच्छा काय होती, हें त्या शब्दांत कोठेंच येत नसे.

आणि इच्छेचा हा प्रश्न साधा नव्हता, श्रोतेहो. इंग्लंडांत १८९३ पासून अशी रीत होती कीं, करार संपला तरी जुना संघ सोडील तेव्हांच खेळाडूनें दुसरीकडे जावें. १९६३ सालीं जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या दाव्यांत न्यायालयानें त्या जाचाला बांध घातला. तरी गांठ पुरती सुटली नाहीं. बेल्जमच्या जाँ-मार्क बोसमान या सामान्य प्रतीच्या खेळाडूनें आपल्या संघाविरुद्ध वर्षानुवर्षें झगडून १५ डिसेंबर १९९५ रोजीं युरोपच्या न्यायालयाकडून निकाल मिळविला कीं, करार संपला म्हणजे माणूस मोकळा, त्याच्यासाठीं कोणी पैसे मागूं नयेत. हा बोसमानहि मधल्या फळीचाच. निकालाचा लाभ जगांतल्या हजारों खेळाडूंना झाला. त्याचें स्वतःचें खेळाडूपण तेवढ्यांत संपून गेलें. आज एखादा गडी राजरोस निघून जातो आणि आपण त्यास कृतघ्न म्हणतों, तेव्हां हा माणूस मला आठवतो.

महाराष्ट्रांत या वादाची खरी धग पाहावयाची तर कोल्हापुरास जावें. तेथें संघ हे पेठांचे आणि तालमींचे : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. नांव कुस्तीच्या आखाड्याचें, खेळ फुटबॉलचा. १९४० सालीं स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या कारभाराखालीं शाहू स्टेडियमवर हे सामने होतात आणि गल्लीच्या गल्ल्या तेथें लोटतात. अशा तालमींच्या संघांतून अलीकडे आफ्रिकेचे खेळाडूहि उतरूं लागले. मग आपल्या पेठेच्या पोराला बसवून परक्यास कां खेळवावें, हा प्रश्न कट्ट्याकट्ट्यावर आला. मात्र त्या परक्यानें शेजारच्या पेठेवर गोल चढविला कीं तो प्रश्न त्या संध्याकाळपुरता तरी स्थगित होतो.

मुंबई आणि गोवा यांच्यांतला हिशेब २०२४ च्या आधींचा आहे. सेर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकास गोव्यानें २०२० च्या आरंभीं दूर केलें. त्याच वर्षीं तो मुंबईस आला, आणि त्याच्यामागें अहमद जाहू व ह्यूगो बूमूस हे गोव्याच्या मधल्या फळीचे दोघे मोहरे, बचावाचा मुर्तादा फॉल, आणि गोव्याचाच भूमिपुत्र मंदार राव देसाई असे चौघे आले. साथीमुळें तो सगळा मोसम गोव्यांतच, प्रेक्षकांविना खेळविला गेला. उपांत्य फेरींत मुंबईनें गोव्यालाच पेनल्टींवर बाहेर काढलें, आणि १३ मार्च २०२१ रोजीं फातोर्ड्याच्या मैदानावर मोहन बागानला २-१ असें नमवून चषक घेतला. गोव्याचीं माणसें, गोव्याचें मैदान, चषक मुंबईचा. आणि टाळी किंवा शिवी देण्यास कोणी नाहीं! त्याच उन्हाळ्यांत बूमूस मुंबई सोडून मोहन बागानकडे गेला. तेव्हां मुंबईकरांना प्रथमच आपण रुक्मीच्या जागीं असल्याचा अनुभव आला.

२०२४ च्या व्यवहाराचा निकाल पुढच्या मोसमानें दिला, पण तोहि सरळ नव्हे. ७ एप्रिल २०२५ रोजीं जमशेदपूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यांत, वेळ संपतां संपतां, अपुइयानें दुरून मारलेल्या चेंडूनें मोहन बागान अंतिम फेरींत गेला आणि पांच दिवसांनीं चषकहि त्याचा झाला. मुंबई साखळींत सहावी आली आणि बाद फेरींत बंगलोरकडून पांच गोलांनीं हरली. एवढ्यावरून गोष्ट सरळ वाटेल. परंतु ज्या गोव्यानें ब्रँडन गमावला, तो साखळींत दुसरा आला, आणि मे २०२५ मध्यें त्यानें जमशेदपूरला हरवून सुपर कप जिंकला. म्हणजे माणूस गेल्यानें मुंबई खचली असें म्हणावें, तर गोवा खचला नाहीं. कोणी म्हणतील, अपुइयाची जागा भरणें कठीण होतें, ब्रँडनची तितकी नव्हती. कोणी म्हणतील, दोष माणसांचा नसून रचनेचा होता. तळेगांवचा तो म्हातारा काय म्हणाला असता, तें मीं मघांच सांगितलें आहे.