रस्ता झाडणारा ‘स्वयंसेवक’ कधी ठरतो?

मुंबईतला तुळशी पाईप रोड आठवतोय? २००९च्या ऑगस्टमध्ये तिथली रेल्वेलगतची लांबलचक भिंत शेकडो हौशी लोकांनी रंगवली, तीही महापालिकेच्या संमतीने. गंमत बघा, या रस्त्याचं अधिकृत नाव सेनापती बापट मार्ग. हेच बापट तुरुंगातून सुटल्यावर पारनेरला पहाटे झाडू घेऊन रस्ते साफ करायचे. ते ब्राह्मण होते, म्हणून त्याची चरित्रांत नोंद झाली. ज्यांच्या माथी जातीने पिढ्यान्‌पिढ्या हेच काम मारलं, त्यांना कुणी स्वयंसेवक म्हटलं नाही. नकार द्यायची सोयच कुठे होती? ‘लोकसहभाग’ असा विषय घेणार असाल, तर आधी हे शोधा: रंगवलेल्या भिंतीखालचा फुटपाथ दुसऱ्या दिवशी कुणी झाडला? फोटोंत ते नाव नसतं. मी तरी सफाई खात्याच्या हजेरीपटापासून सुरुवात करेन.