श्वासाचा हिशेब : जेजूच्या हेन्यो

१/ दक्षिण कोरियातील जेजू बेटावर प्राणवायूच्या टाकीविना बुडी मारून अबालोनी, शंख वेचणाऱ्या स्त्रियांना ‘हेन्यो’ म्हणतात. एका श्वासात त्या सुमारे १० मीटर खोल जातात.

२/ मुली आधी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात सराव करीत; पुढे आई व जाणत्या स्त्रियांसोबत खोल समुद्रात उतरत. कौशल्यानुसार हागुन, जुंगगुन आणि सांगगुन अशा तीन श्रेणी असत.

३/ या शिक्षणाचा गाभा म्हणजे स्वतःच्या श्वासाची मर्यादा ओळखणे. परतीपुरताच श्वास उरलेला असताना खडकाला चिकटलेली आणखी एक अबालोनी सोडवण्याचा मोह झाला, तर छातीत पाणी शिरते. यालाच त्या ‘मुलसुम’, म्हणजे ‘पाण्याचा श्वास’, म्हणतात. म्हणून हाताशी आलेले सोडून वर येणे, हीच खरी परीक्षा.

४/ जानेवारी १९३२मध्ये याच स्त्रियांनी जपानी वसाहती राजवटीतील पिळवणुकीविरुद्ध मोर्चे काढले. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या संस्कृतीचा अमूर्त वारसा म्हणून गौरव केला. आज मात्र बहुतेक हेन्योंनी साठी ओलांडली आहे. शिकवणाऱ्या अजून आहेत. त्यांच्यासोबत पाण्यात उतरणाऱ्या मुली विरळ झाल्या आहेत.