क्लचच्या पाइपातलं बारीक भोक

मंडळी, आजचा विषय जरा तेलकट आहे. १९९८ साली बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू ई४६ थ्री सिरीजचे मॅन्युअल गिअरवाले बरेच मालक एखाद्या शनिवारी गाडी स्टँडवर चढवतात आणि क्लचच्या पाइपातून एक छोटासा भाग काढून टाकतात. त्याचं नाव क्लच डिले व्हॉल्व्ह. कंपनीने मुद्दाम बसवलेला भाग लोक घरी का काढत असतील? उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे साडेतीनशे वर्षं :-)

पास्कलचा नियम आपण सगळ्यांनी शाळेत घोकलाय: बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. त्याचा तो ग्रंथ छापला गेला १६६३ साली, तो गेल्यावर एका वर्षाने. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने त्यातूनच हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. लहान दट्ट्या १ चौरस सेंटिमीटर आणि मोठा ४ असेल तर जोर चौपट मिळतो, सरकणं मात्र पाव. फुकट काहीच नाही.

मोटारीत हे आलं ते ब्रेकमधून. माल्कम लॉकहीड (विमानवाल्या लॉकहीडचा भाऊ) याचे हायड्रॉलिक ब्रेक १९२१ च्या ड्युसेनबर्गवर आले आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ते सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणले. पुढे हीच युक्ती क्लचकडे आली. कारणं साधी होती. इंजिन रबरी माउंटवर हलतं, त्यामुळे लोखंडी दांड्यांची जोडणी अडखळते. पाइप मात्र हवा तसा वळवता येतो. शिवाय क्लच प्लेट झिजली तरी सिस्टीम आपोआप जुळवून घेते. मारुती ८०० च्या केबलवर गाडी शिकलेल्यांना हे सुख चटकन कळेल. तिथे केबल अधूनमधून ताणून घ्यावी लागायची.

म्हणजे पायाचा जोर काही न हरवता पलीकडे पोचावा, यासाठी एवढी सगळी धडपड. आणि मग त्याच पाइपात कुणीतरी मुद्दाम एक बारीक भोक ठेवलं! क्लच सोडला की तेल त्या भोकातून हळूहळू परत येतं. पाय वर आला तरी क्लच अजून पूर्ण धरलेला नसतो. हेतू वाईट नव्हता: कुणी जास्त आरपीएमवर पाय झटकन काढला तर गिअरबॉक्स आणि शाफ्टला दणका बसू नये. पण भरभर गिअर बदलणाऱ्याला पाय आणि गाडी यांचं जमेनासं होतं. त्या मधल्या वेळात क्लच घसरतो, तापतो आणि झिजतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये कुणीतरी 'थांब जरा' अशी ओळ टाकलीय आणि कॉमेंट लिहिलेली नाही. डिलीट करण्याआधी ती का टाकली हे शोधायला नको का?

काम तसं अर्ध्या दिवसाचं. दोन पाने लावून जोड सोडवायचा, व्हॉल्व्ह काढून पाइप थेट जोडायचा किंवा आतलं भोक ड्रिलने मोठं करायचं. ड्रिल केलं तर धातूचा एकही कण आत राहता कामा नये, तो सील कापतो. मग हवा काढायची. द्रव दबत नाही, हवा दबते, त्यामुळे बुडबुडा राहिला की पेडल पिचपिचीत झालंच. आणि मुख्य म्हणजे या गाडीत क्लचचं तेल ब्रेकच्याच डब्यातून येतं. चुकीचं तेल ओतलं, घाण गेली किंवा जोड गळत राहिला तर विषय फक्त क्लचचा उरत नाही.

व्हॉल्व्ह गेल्यावर पेडल सरळ बोलायला लागतं, यात शंका नाही. पण जो दणका ते भोक झेलत होतं, तो आता तुमच्या डाव्या पायाने झेलायचा. पाय तयार असेल तर खुशाल काढा. नसेल तर आधी काही महिने शांतपणे क्लच सोडायला शिका, तेही घरच्या घरी होणारं मॉडिफिकेशनच आहे.

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.