देवळालीच्या वाटेवरची पोर्टर

पोर्टर ही गडद तपकिरी रंगाची, भाजलेल्या माल्टच्या चवीची इंग्लिश बिअर. अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती लंडनमध्ये आकाराला आली आणि तिथल्या गोदींत व बाजारांत ओझी वाहणाऱ्या हमालांमध्ये लोकप्रिय झाल्याने त्यांचेच नाव तिला चिकटले. हिंदुस्थानातल्या इंग्रजी बिअरचा इतिहास सांगताना मात्र तिची आठवण क्वचितच काढली जाते. तिथे मान मिळतो तो 'इंडिया पेल एल' या फिकट, कडवट बिअरला. पेल एल ही प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि मुलकी साहेबांच्या टेबलावरची बिअर. बराकीतला साधा गोरा शिपाई प्यायचा ती पोर्टर. मुंबई बंदरातून घाट चढून देवळालीसारख्या छावण्यांकडे जाणाऱ्या फौजेचा इतिहास पाहायचा, तर या शिपायाच्या पेल्यात काय होते आणि ते चांगले की वाईट हे कसे ठरत होते, हे पाहिल्याशिवाय तो पुरा होत नाही.

पोर्टरची चव ठरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे तपकिरी माल्ट. सातू भिजवून त्याला मोड आणायचे आणि मग ते भट्टीवर वाळवायचे, ही माल्ट तयार करण्याची रीत. जुन्या काळी तपकिरी माल्ट लाकडाच्या जाळावर कडक तापवले जाई, त्यामुळे त्यात धुराचा वास उतरे. नव्या पोर्टरमधला हा धूर सुरुवातीला घशाला लागे. म्हणून ती मोठमोठ्या लाकडी पिंपांत महिनोन् महिने मुरवत ठेवत. या मुरण्याच्या काळात साध्या यीस्टखेरीज आणखी एक यीस्ट संथपणे काम करी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कंपनीतील क्लाउसन या संशोधकाने १९०४ मध्ये इंग्लिश बिअरमधून ते ओळखले आणि त्याला 'ब्रेटॅनोमायसिस' असे नाव दिले. उरलेली साखर ते हळूहळू संपवते, बिअर कोरडी करते आणि तिला जुन्या चामड्यासारखा, किंचित आंबूस वास देते. त्या काळच्या लंडनकराला मुरलेल्या पोर्टरमध्ये हाच वास हवा असे. आज तोच वास बहुतेक बिअरमध्ये दोष समजला जातो.

मुरवण्यासाठी जागा आणि भांडवल लागे. त्यामुळे पोर्टर हा मोठ्या कारखानदारांचा धंदा झाला. व्हिटब्रेडचा कारखाना १७४२ मध्ये सुरू झाला. बार्कले पर्किन्स, ट्रूमन आणि म्यू यांचे कारखानेही प्रचंड होते. पिंपे किती अवाढव्य होती याची कल्पना १७ ऑक्टोबर १८१४ च्या दुर्घटनेवरून येते. त्या दिवशी म्यू कंपनीच्या हॉर्स शू कारखान्यात सुमारे २२ फूट उंचीचे पिंप लोखंडी कडे निसटल्यामुळे फुटले. त्याच्या लोंढ्याने शेजारची पिंपेही फुटली आणि लाखाहून अधिक गॅलन पोर्टर लगतच्या गरीब वस्तीत घुसली. आठ जणांचा जीव गेला.

पोर्टरच्या चवीला पहिला मोठा धक्का दिला तो एका साध्या उपकरणाने. हायड्रोमीटर म्हणजे द्रवाची घनता मोजणारी काचेची किंवा धातूची तरंगती नळी. जॉन रिचर्डसन याने १७८४ मध्ये बिअरच्या कारखान्यासाठी तिचा पद्धतशीर वापर पुस्तकरूपाने मांडला. मोजमाप झाल्यावर कारखानदारांच्या लक्षात आले की तेवढ्याच सातूपासून फिकट माल्ट कितीतरी जास्त साखर देते. तपकिरी माल्ट वापरणे म्हणजे पैसे जाळणे होते. त्यांनी फिकट माल्टचे प्रमाण वाढवले आणि गेलेला रंग परत आणण्यासाठी जळक्या साखरेचा आधार घेतला. काही ठिकाणी याहून वाईट गोष्टी मिसळल्या गेल्या. त्यातली एक हिंदुस्थानातूनच जात होती: काकमारी. मलबारच्या बाजूला उगवणाऱ्या या वेलीच्या विषारी बिया मासे गुंगवण्यासाठी वापरल्या जात. पातळ बिअरची नशा वाढवण्यासाठी इंग्लंडात त्या गुपचूप तिच्यात घातल्या जाऊ लागल्या. फ्रेडरिक ॲकम या रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये खाद्यपेयांतील भेसळीवर लिहिलेल्या ग्रंथात हा प्रकार उघड केला. त्याआधी १८१६ मध्ये माल्ट आणि हॉप्सची कडू फुले सोडून दुसरे काहीही बिअरमध्ये घालण्यास कायद्याने मनाई झाली होती. मग १८१७ मध्ये डॅनिएल व्हीलर याने फिरत्या पिंपात माल्ट काळे होईपर्यंत भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. थोडेसे काळे माल्ट घातले की पूर्ण पिंपाला रंग येई, तोही कायद्यात बसणारा. पोर्टरमध्ये आज जी भाजलेली चव ओळखली जाते, ती प्रामुख्याने या यंत्रानंतरची आहे.

हिंदुस्थानात पाठवायची पोर्टर इंग्लंडातल्या पोर्टरहून वेगळी असे. तिच्यात हॉप्सचे प्रमाण बरेच जास्त ठेवत, कारण हॉप्समधले कडू द्रव्य बिअर आंबवणाऱ्या जंतूंना आवर घालते. बार्कले पर्किन्सच्या कारखान्यात ती 'ईआय', म्हणजे ईस्ट इंडिया पोर्टर, या नावाने वेगळी केली जाई. पेल एलसाठी प्रसिद्ध झालेला बो येथील हॉजसनचा कारखानाही मुळात पोर्टर करणाराच होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथून सुटत, ती गोदी त्याच्यापासून जवळ होती.

केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला मुंबईला पोहोचायला चार ते सहा महिने लागत. वाटेत दोनदा उष्ण कटिबंधातून जावे लागे. ५४ गॅलनच्या, म्हणजे सुमारे २४५ लिटरच्या हॉगशेड पिंपात बिअर हेलकावे खात, तापत, पुन्हा थंड होत येई. मुरलेल्या पोर्टरला हा प्रवास पुष्कळदा मानवे. पण पिंपाची एखादी फळी ढिली असली, तर हवा आत शिरून अख्ख्या पिंपाचा शिरका होई. सैन्याच्या रसदेची तपासणी अधिकाऱ्यांच्या समितीकडे असे. समितीपुढे पिंप उघडले की ते दोनच गोष्टी पाहत: बिअर स्वच्छ आहे का, आणि ती आंबली आहे का. नापास पिंपातला माल टाकून दिला जाई. आंबलेल्या बिअरमध्ये खडू किंवा सोडा मिसळून आंबटपणा मारण्याची युक्ती सर्वांना ठाऊक होती. त्यामुळे जीभ सराईत नसली तर फसगत होई. हे परीक्षण रसिकतेचे नव्हते. शिपायाच्या पोटात काय जाणार, एवढाच त्याचा विषय होता. तरीही हिंदुस्थानच्या भूमीवर इंग्लिश बिअरची पद्धतशीर पारख अशा समित्यांकडून होत होती, हे मान्य करावे लागते.

सरकार शिपायाला बिअर का पाजत होते, याचे उत्तर आरोग्यखात्याच्या कागदांत आहे. गोरे सैनिक लढाईपेक्षा रोगाने आणि दारूने जास्त मरत. बाजारात मिळणारी अरक, मोहाची कडक दारू आणि सैन्यातली रम यांनी बराकींची वाताहत केली होती. १८६३ मध्ये हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यविषयक शाही आयोगाचा अहवाल आला. वर्षाला हजारामागे ६९ हा मृत्यूंचा आकडा त्याने जगापुढे ठेवला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या आयोगासाठी मोठे काम केले होते. कडक दारूऐवजी शिपायांना माल्टची सौम्य पेये मिळावीत, हा विचार या अहवालानंतर बळावला. दुसरीकडे १८६२ मध्ये ग्रेगसन या मिशनऱ्याने आग्र्यात सैनिकांसाठी संपूर्ण दारूबंदीची चळवळ सुरू केली. तिला आणि पोर्टरला एकाच दशकात बळ मिळाले, कारण दोन्हींचा शत्रू एकच होता: कडक दारू.

नेमक्या याच काळात देवळालीची छावणी उभी राहिली. १८६१ पासून नाशिकजवळच्या या माळावर गोऱ्या पलटणींच्या मुक्कामाची सोय होऊ लागली. १८६५ मध्ये थळ घाटातला लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईचे बंदर व नाशिकचे पठार थेट जोडले गेले. माणसे त्याच गाडीने वर येत, आणि त्यांची रसदही. १८६६-६७ नंतर क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस या पाच खास जहाजांतून पोर्टस्मथ ते मुंबई फौजेची ने-आण होऊ लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि प्रवासाचे महिने आठवड्यांवर आले. पोर्टरला टिकण्यासाठी पूर्वीइतके हॉप्स लागेनासे झाले.

देवळालीला येणारे शिपाई दोन प्रकारचे. काही नुकतेच उतरलेले. त्यांना इथल्या हवेची सवय करून देऊन पुढे पाठवत. काही मुदत संपलेले. ते परतीच्या जहाजाची वाट पाहत बसत. जहाजे थंडीच्या मोसमातच सुटत. त्यामुळे चुकीच्या महिन्यात मुदत संपली, तर हातात काम नसताना महिनोन् महिने तिथेच काढावे लागत. उन्हाळ्याची काहिली, मलेरिया, कंटाळा आणि पेला यांतून जी मनःस्थिती तयार होई, तिच्यामुळे या गावाचे नाव 'डूलॅली' या रूपात इंग्रजी भाषेत वेडसरपणाचे दुसरे नाव म्हणून रुजले. देवळालीसारख्या सुंदर हवेच्या गावावर हा अन्यायच झाला. तिथली हवा पुढे इतकी आरोग्यदायी मानली गेली की मुंबईकरांनी तिथे विश्रामगृहे बांधली.

पोर्टर मागे पडली ती चवीमुळे नव्हे. डायर यांनी १८५५ मध्ये कसौलीला बिअरचा कारखाना काढला, १८६० मध्ये मरी येथे दुसरा उभा राहिला. थंड डोंगरांवर बनलेली ही बिअर जहाजभाड्याशिवाय छावण्यांत पोहोचू लागली आणि शतक संपेपर्यंत सैन्याच्या पुरवठ्यात तिने इंग्लंडातल्या पोर्टरची जागा घेतली. बर्फ करण्याची यंत्रे आली आणि त्यांच्याबरोबर थंडगार, सोनेरी लागर बिअर. मायदेशीही पोर्टर ओसरत होती. दोन महायुद्धांच्या काळात धान्याची टंचाई आणि कर यांमुळे ती पातळ होत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला व्हिटब्रेडने, आणि १९७० च्या दशकात गिनेसने ती बंद केली. त्याच दशकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या काही छोट्या कारखान्यांनी ती पुन्हा सुरू केली. जुन्या नोंदवह्या उघडल्या गेल्या, जुने माल्ट पुन्हा भाजले गेले.

आजच्या परीक्षणाची पद्धत या पुनरुज्जीवनानंतरची आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी बीजेसीपी ही संस्था सुरू झाली. तिची नियमावली जगभर वापरली जाते. तिच्यात 'इंग्लिश पोर्टर' हा स्वतंत्र प्रकार आहे: मद्यार्क ४ ते ५.४ टक्के, कडूपणा १८ ते ३५ एकक. गुण ५०: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला इतके कमी गुण आहेत हे योग्यच आहे, कारण काळ्या रंगाने परीक्षक चटकन भुलतो.

पोर्टर फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नये. १० ते १३ अंश सेल्सिअसला तिचा वास खुलतो. पेला उजेडापुढे धरला की गडद तपकिरी रंगाच्या कडेला माणकासारखी लाल झाक दिसली पाहिजे. पूर्ण काळी, अपारदर्शक बिअर बहुधा स्टाउट या अधिक गडद प्रकाराकडे झुकलेली असते. पहिला वास फेस जिवंत असतानाच घ्यावा, कारण हलके वास आधी उडून जातात. त्यात कोको, भाजलेल्या पावाचा पापुद्रा, काकवी, क्वचित सुक्या फळांचा गोडवा मिळावा. घोट जिभेवर फिरवून गिळावा; वाइनप्रमाणे थुंकू नये, कारण कडूपणा गिळताना नीट कळतो. भाजलेपणा जाणवावा, पण करपट, राखेसारखी चव राहू नये. तसे झाले असेल तर काळे माल्ट जास्त पडले आहे. लोण्यासारखा वास आला तर यीस्टचे काम अपुरे राहिले. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली. उकडलेल्या मक्याचा वास बहुधा उकळणे कमी पडल्याने येतो.

पोर्टर करणाऱ्याला पाणीही तपासावे लागते. लंडनच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर, म्हणून आम्लधर्मी काळे माल्ट तिथे जमले. बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्याने पेल एल खुलली. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींच्या पाण्यातही बायकार्बोनेटचे प्रमाण लक्षणीय असते. नाशिक परिसरात गडद बिअर करणाऱ्याला ही गोष्ट अनुकूल आहे.

चवीची पारख करण्याची सवय नाशिकला आज परकी नाही, पण ती बिअरमधून नव्हे तर द्राक्षांमधून आली. सुला वाइनयार्ड्सने गंगापूर धरणाच्या बाजूला २००५ मध्ये वाइन चाखण्याची खोली सुरू केली. तेव्हापासून पेला तिरका धरून रंग पाहणे आणि घोटाआधी वास घेणे इथल्या अनेकांना परिचयाचे झाले. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यात निघाली, तिने 'डूलॅली' हेच नाव घेतले.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या छावण्यांत प्यायली गेलेली पोर्टर आजच्या स्पर्धेत 'इंग्लिश पोर्टर' म्हणून मांडली, तर ती हरेल. तिचा हॉप्सचा कडूपणा ३५ एककांच्या मर्यादेबाहेर जाईल आणि मुरलेला चामड्याचा वास दोष म्हणून नोंदला जाईल. ज्याला ती पुन्हा करून परीक्षकांपुढे ठेवायची असेल, त्याने ती 'ऐतिहासिक बिअर' या गटात दाखल करावी.